नाडी पाहता, मग हेही विचारा

ठोके चुकतात म्हणून तपासायला आलेल्या पुरुषाला बरेच प्रश्न विचारले जातात. धाप लागते का, चक्कर येते का, पायांवर सूज आहे का, रात्री घोरता का, दारू किती, सिगारेट किती, घरात कुणी अचानक गेले आहे का. या यादीत एक प्रश्न बहुतेक वेळा नसतो: लैंगिक संबंधात काही अडचण येते का? दुसऱ्या दवाखान्यात याच्या नेमके उलटे घडते. ताठरता येत नाही किंवा टिकत नाही म्हणून गेलेल्या पुरुषाची साखर तपासतात, ताणाबद्दल विचारतात, टेस्टोस्टेरॉनची चाचणी लिहून देतात. त्याचे मनगट धरून अर्धा मिनिट नाडी पाहावी, हे मात्र क्वचितच कुणाला सुचते. रुग्ण लाजतो आणि डॉक्टरही लाजतात, म्हणून हे असेच चालायचे असे आपण धरून चाललो आहोत. माझा आक्षेप नेमका यालाच आहे. हा प्रश्न न विचारणे ही शालीनता नव्हे. ती वैद्यकीय चूक आहे आणि तिचे परिणाम औषधांच्या पेटीपासून अपघात विभागापर्यंत दिसतात.

ताठरता ही मुळात रक्तवाहिन्यांची गोष्ट आहे. उत्तेजना मिळाली की शिश्नातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते. त्यातून सीजीएमपी हा रेणू तयार होतो, धमन्यांचे आणि स्पंजासारख्या ऊतीचे स्नायू सैल पडतात, रक्त आत भरते आणि त्या दाबाने बाहेर नेणाऱ्या शिरा चेपल्या जातात. पीडीई-5 नावाचे विकर सीजीएमपीचा नाश करते. सिल्डेनाफिल आणि त्याची भावंडे या विकराला अडवतात. हे औषध मुळात छातीत दुखण्यावर, म्हणजे अँजायनावर, शोधले जात होते. 1998 साली त्याला ताठरतेसाठी मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडच्या कामाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. हृदय आणि लैंगिक आरोग्य एकाच रसायनाने बांधलेले आहेत हे तेव्हापासून सर्वांना ठाऊक आहे. दवाखान्यांची दारे मात्र वेगळीच राहिली.

आता ठोक्यांकडे येऊ. सर्वांत जास्त आढळणारा लयदोष म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, बोलण्यात एएफ. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांत भरणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा वरच्या कप्प्यांच्या शेवटच्या ढकलण्यातून येतो, आणि हृदय कडक झालेले असेल तर त्याहूनही जास्त. ती ढकल जाते, ठोक्यांमधले अंतर विस्कटते आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमीजास्त होत राहते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे कामही बिघडते, नायट्रिक ऑक्साइड कमी सुटते. भर म्हणून छातीत धडधडले की माणूस घाबरतो. भीतीने ॲड्रेनलीन वाढते, आणि ॲड्रेनलीन शिश्नातले स्नायू आवळते. म्हणजे ज्या क्षणी शरीराने सैल व्हायचे, त्याच क्षणी त्याला पळून जाण्याचा हुकूम मिळतो.

यावरून एएफमुळेच ताठरता जाते असे थेट म्हणू नये. दोन्हींच्या मुळाशी असलेली माती एकच आहे: उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकणे, दारू, धूम्रपान, वाढते वय. एएफ असलेल्या पुरुषांत ताठरतेची तक्रार जास्त आढळते आणि ताठरतेची तक्रार असलेल्यांत पुढे हृदयविकार जास्त आढळतात, हे वेगवेगळ्या देशांच्या अभ्यासांत दिसले आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठी ओलांडलेल्या सुमारे 1,900 पुरुषांकडे जवळजवळ चार वर्षे पाहिले गेले. ताठरतेची तक्रार असलेल्यांत हृदयविकाराचा झटका, हृदय बंद पडणे, पक्षाघात अशा घटना 6.3 टक्के, नसलेल्यांत 2.6 टक्के. इतर कारणांचा हिशेब वजा केल्यावरही धोका जवळपास दुप्पट उरला. एक सोपे स्पष्टीकरण वाहिन्यांच्या रुंदीत आहे. शिश्नातल्या धमन्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. कचरा साचू लागला की बारीक नळी आधी अडते. म्हणूनच पुष्कळ पुरुषांत ताठरतेची तक्रार छातीतल्या तक्रारीच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू होते. हा काळ वाया घालवणे परवडणारे नाही.

ब्रिटनमध्ये पुढच्या दहा वर्षांचा हृदयधोका मोजण्यासाठी क्यूरिस्क-3 हे गणित वापरतात. 2017 च्या या आवृत्तीत एएफ आणि पुरुषांची ताठरतेची तक्रार या दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने आहेत. अमेरिकेतल्या प्रचलित गणितांत ताठरतेचा रकाना नाही. रकाना असला की प्रश्न विचारावाच लागतो, इतकी ही गोष्ट साधी आहे. डॉक्टरांच्या धाडसावर सोडलेला प्रश्न राहून जातो. कागदावर छापलेला प्रश्न विचारला जातो.

पण धोक्याचे गणित हे माझे मुख्य कारण नाही. मुख्य कारण औषधांचे आहे.

लयदोषावरचे उपचार बहुधा बीटा ब्लॉकरने, म्हणजे ॲड्रेनलीनचा हृदयावरचा जोर कमी करणाऱ्या गोळ्यांनी, सुरू होतात: मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल. ‘या गोळ्यांनी पुरुषत्व जाते’ अशी त्यांची ख्याती आहे. ही ख्याती कितपत खरी, ते 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पण नामी प्रयोगात दिसले. ताठरतेची तक्रार नसलेल्या 96 हृदयरुग्णांना ॲटेनोलॉल दिले गेले. एका गटाला औषधाचे नावच सांगितले नाही, दुसऱ्याला नाव सांगितले, तिसऱ्याला नाव सांगून ताठरतेवर परिणाम होऊ शकतो हेही सांगितले. तक्रारींचे प्रमाण अनुक्रमे 3.1, 15.6 आणि 31.2 टक्के निघाले. गोळी एकच, डोस एकच, आणि तक्रार दहापट. शिवाय ज्यांना तक्रार झाली त्यांच्यापैकी बहुतेकांना ती खोट्या गोळीनेही सुटली. याचा अर्थ तक्रार खोटी होती असा नव्हे. भीतीने स्नायू खरोखरच आवळतात, ते वर आलेच आहे. पण दोष रसायनाचा किती आणि ऐकीव गोष्टीचा किती, हे ओळखल्याशिवाय औषध बदलणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

हे ओळखायचे कसे? गोळी सुरू करण्याआधीच विचारून. पाच प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आहे, कमाल गुण 25. 22 ते 25 म्हणजे ठीक, 21 किंवा त्याखाली म्हणजे काही ना काही तक्रार, 7 किंवा त्याखाली म्हणजे तीव्र. ती बाहेर बाकावर बसून दोन मिनिटांत भरता येते. गोळी सुरू करताना गुण 14 होते आणि सहा आठवड्यांनीही 14 च आहेत, तर गोळीला शिव्या देण्यात अर्थ नाही. 23 वरून 12 वर आले, तर बोलायला जागा आहे. आधीचा आकडाच नसेल, तर सगळे वाद हवेत होतात, आणि असल्या हवेतल्या वादात हमखास बळी जातो तो गोळीचा. आणखी दोन खुणा उपयोगी पडतात. पहाटेची ताठरता शाबूत असेल तर नळ्या आणि नसा बऱ्यापैकी चालू आहेत, आणि कारण मनाचे किंवा प्रसंगाचे असण्याची शक्यता वाढते. तक्रार महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेली असेल तर रक्तवाहिन्यांकडे पाहावे. नव्या गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांत अचानक आली असेल तर गोळीकडे.

खरोखरच दोषी असू शकणारी औषधे आहेतच. डिगॉक्सिन काही पुरुषांत स्तन वाढवते आणि ताठरतेलाही बाधते. हृदय कमजोर असलेल्यांना दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी संप्रेरकाच्या आड येते. त्याच्या जागी एप्लेरेनोन घेतल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. क्लोरथॅलिडोनसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दलही तक्रार होते. अमियोडॅरोनची गोष्ट थोडी आडवळणाची आहे. त्याच्या 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडिन असते आणि त्याने थायरॉइड मंदावू शकते किंवा चेकाळू शकते. मंदावले की इच्छा मरते, चेकाळले की वीर्यपतन लवकर होते आणि ठोकेही पुन्हा बिघडतात. म्हणून अमियोडॅरोन चालू असलेल्या पुरुषाने अशी तक्रार सांगितली तर पहिली चाचणी टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची. एरवीही ती दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. क्वचित याच औषधाने वृषणामागच्या नलिकेला सूज येऊन दुखते. तिथे जंतू नसतात, त्यामुळे अँटिबायोटिकचे कोर्स वाया जातात. डोस कमी केल्यावर किंवा औषध थांबवल्यावर ती सूज ओसरते. बीटा ब्लॉकर बदलायचाच झाला तर नेबिव्होलॉलचा विचार होतो, कारण ते नायट्रिक ऑक्साइड सुटायला मदत करते. तेही प्रत्येक लयदोषात चालेलच असे नाही. ते ठरवणे हृदयतज्ज्ञाचे काम.

हे सगळे बोलणे झाले नाही की रुग्ण आपला तोडगा आपणच काढतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. शनिवारी-रविवारी बीटा ब्लॉकर चुकवायची, असा एक तोडगा. बीटा ब्लॉकर अचानक थांबवले की दबलेली ॲड्रेनलीन उसळी मारते, ठोके आणि रक्तदाब चढतात; म्हणून ते थांबवायचेच झाले तर एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात. ज्यांच्या छातीत शॉक देणारे यंत्र, म्हणजे आयसीडी बसवले आहे, त्यांच्यात हा तोडगा आणखी महागात पडतो: औषधाविना एएफचा वेग श्रमाने इतका वाढू शकतो की यंत्राला तो जीवघेणा ठोका वाटतो आणि ते नको तेव्हा शॉक देते. मग माणूस वर्षभर जोडीदाराजवळ जायला घाबरतो.

दुसरा तोडगा सगळ्याच गोळ्या बंद करण्याचा. त्यात रक्त पातळ ठेवणारी गोळीही जाते. वास्तविक तिचा ताठरतेशी संबंध नाही. ती गुठळी होऊ देत नाही, शिश्नाकडे जाणारे रक्त कमी करत नाही. पण सात गोळ्यांतली दोषी कोणती हे ठाऊक नसलेला माणूस सातही बाजूला ठेवतो. एएफमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. अपिक्साबानसारख्या गोळीचा असर एखाद-दोन दिवसांत उतरतो. शॉक देऊन लय पूर्ववत केली असेल, तर नंतरचे किमान चार आठवडे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नसतात आणि गुठळी होण्याची भीती सर्वांत जास्त असते. नेमक्या याच आठवड्यांत माणूस ‘आता बरे झालो’ म्हणून संसाराला लागू पाहतो. तेव्हा त्याला या विषयावर कुणी काही सांगितलेले नसेल, तर त्याने पाकीट फेकले याचा दोष एकट्या त्याचा कसा?

तिसरा तोडगा म्हणजे दुकानातून गुपचूप आणलेली ताठरतेची गोळी. गोळी वाईट नाही. स्थिर लयदोष असलेल्या बहुतेक पुरुषांना सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. वाईट आहे ते गुपचूप घेणे. नायट्रेट, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली धरायची गोळी किंवा फवारा, यांच्यासोबत पीडीई-5 अडवणारे कुठलेही औषध चालत नाही. एक सीजीएमपी तयार करवते, दुसरे त्याचा नाश थांबवते, आणि रक्तदाब कोसळतो. सिल्डेनाफिल किंवा व्हार्डेनाफिल घेतल्यावर 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यावर 48 तास नायट्रेट वर्ज्य. अँजायनावरचे निकोरँडिलही याच वर्गात मोडते, कारण त्याचा अर्धा गुण नायट्रेटचाच आहे. लयदोष असलेल्यांसाठी खास लक्षात ठेवायचे नाव व्हार्डेनाफिल: ते ईसीजीवरचे क्यूटी हे अंतर (ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ; तो फार लांबला तर लय धोकादायकरीत्या बिघडू शकते) किंचित वाढवते, म्हणून अमियोडॅरोन, सोटॅलॉल, क्विनिडिन किंवा प्रोकेनामाइड चालू असेल, किंवा जन्मतःच क्यूटी लांब असेल, तर ते टाळतात. वेग कमी करण्यासाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालू असेल तर यकृतात सिल्डेनाफिलचा निचरा मंदावतो आणि 50 ची गोळी प्रत्यक्षात त्याहून जड पडते. अशा वेळी, तसेच 65 वर्षांपुढे, सुरुवात 25 मिलिग्रॅमने. प्रोस्टेटसाठी अल्फा ब्लॉकर (लघवीचा मार्ग सैल करणारे, पण रक्तदाबही उतरवणारे औषध) चालू असेल तर तो डोस आधी स्थिर झालेला असावा, नाहीतर उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

आणि ‘काम करत नाही’ म्हणून फेकलेल्या गोळ्यांपैकी कितीतरी चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या असतात. सिल्डेनाफिल संबंधाच्या सुमारे तासभर आधी घ्यावे, आणि तुपातेलाचे जड जेवण झाल्या झाल्या घेतले तर असर उशिरा आणि कमी होतो. उत्तेजना नसेल तर गोळी एकटी काही करत नाही. वेगवेगळ्या दिवशी सहा-आठ वेळा नीट प्रयत्न झाल्याशिवाय ती नापास ठरवू नये. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. योहिम्बिन हे झाडाच्या सालीतले द्रव्य तर ठोके आणि रक्तदाब सरळ वाढवते. लयदोष असलेल्याने या वाटेला जाऊच नये.

गोळी चालत नाही त्याला इतर मार्ग आहेत, पण रक्त पातळ असेल तर थोडी सावधगिरी हवी. निर्वात पंप वापरता येतो. रक्त आत राहावे म्हणून शिश्नाच्या मुळाशी चढवलेली कडी 30 मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि जांभळे डाग जास्त उठतील हे आधीच सांगावे. शिश्नात घ्यायचे इंजेक्शनही पूर्ण निषिद्ध नाही, मात्र टोचल्याजागी पाच ते दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे लागते.

टेस्टोस्टेरॉनबद्दल जरा परखड बोलायला हवे. थकवा, वय आणि ताठरता या तिन्हींवर एकच रामबाण म्हणून ते विकले जात आहे. कमी टेस्टोस्टेरॉन आणि एएफ हे वयस्कर पुरुषांत सोबत आढळतात हे खरे. म्हणून भरपाई केली की ठोके सुधारतील असा तर्क लढवला जातो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स या चाचणीत, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत, टेस्टोस्टेरॉनच्या जेलमुळे झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू वाढले नाहीत. त्या बातमीचे मथळे झाले. याच चाचणीत एएफ मात्र 2.4 टक्क्यांऐवजी 3.5 टक्क्यांत दिसला, हे मथळ्यांखाली दबून गेले. कमतरता खरीच असेल, म्हणजे सकाळच्या वेळी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासून पातळी कमी निघाली असेल आणि लक्षणेही असतील, तर उपचार जरूर करावेत. पण एएफ होऊन गेलेल्या पुरुषाला एका सायंकाळच्या रक्तचाचणीवर जेल लिहून देणे अक्षम्य आहे.

राहिली भीती. संबंधात मरण येते ही दंतकथा लयदोषाच्या रुग्णाला आतून पोखरते. लंडनमधल्या एका मोठ्या शवचिकित्सा नोंदीत, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, अचानक हृदयमृत्यूच्या 6,847 प्रकरणांपैकी संबंधादरम्यान किंवा तासाभरात झालेले 17 होते, म्हणजे 0.2 टक्के. नेहमीच्या संबंधातले श्रम 3 ते 5 मेट्स, म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागणाऱ्या शक्तीच्या तीन ते पाच पट, इतके असतात. ठोके क्वचितच 130 च्या पुढे जातात, वरचा रक्तदाब क्वचितच 170 च्या पुढे. घरी करता येणारी कसोटी म्हणजे 20 मिनिटांत सपाट रस्त्यावर दीड किलोमीटरहून थोडे जास्त चालणे किंवा दोन जिने झपझप चढणे, छातीत न दुखता, धाप न लागता, भोवळ न येता. शंका असेल तर ट्रेडमिलवर ब्रूस पद्धतीने (वेग आणि चढ टप्प्याटप्प्याने वाढवत) चार मिनिटे निर्वेध पार पडली तर पुरे. हृदय आणि लैंगिक आरोग्य या विषयावर 1999 पासून भरत आलेल्या प्रिन्स्टन परिषदांनी याच आधारावर रुग्णांचे कमी, मधला आणि जास्त धोका असे गट पाडले. वेग आटोक्यात नसलेला एएफ, श्रमाने येणारा व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया (खालच्या कप्प्यांतून उठणारे अतिवेगवान ठोके) आणि वारंवार शॉक देणारे यंत्र, हे जास्त धोक्याचे. त्यांनी आधी लय आटोक्यात आणावी, मग संबंध. वेग नीट आवरलेला एएफ असलेल्या पुरुषाला संन्यास सांगायचे काही कारण नाही.

यंत्र बसवलेल्यांना तर हे घरी सोडतानाच सांगायला हवे. जखम भरेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये आणि त्यावर शरीराचा भार टाकू नये, म्हणजे यंत्राच्या तारा हलत नाहीत. संबंधात शॉक बसलाच तर जोडीदाराला फार तर झिणझिण्या जाणवतात, इजा होत नाही. एक शॉक बसला आणि नंतर बरे वाटते आहे, तर थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ दोन बसले, किंवा एका शॉकनंतर छातीत दुखते, भोवळ येते, तर तडक रुग्णालय. हे चार वाक्यांत सांगता येते. यंत्राच्या बॅटरीबद्दल आपण यापेक्षा जास्त बोलतो.

वेळ नाही, हा आक्षेप नेहमीचा. पण काम सगळ्यांत वाटता येते. पाच प्रश्नांचा कागद स्वागतकक्षातून द्यावा. विषय नर्सने किंवा समुपदेशकाने काढला तरी चालेल. जोडीदारासमोर बोलायचे की एकट्याने, हे रुग्णाला ठरवू द्यावे. दुसऱ्या बाजूने, ताठरतेची तक्रार घेऊन आलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक पुरुषाची नाडी अर्धा मिनिट पाहावी. ती विस्कळीत लागली तर त्याच दिवशी बारा लीडचा ईसीजी. धडधड येऊन-जाऊन होत असेल आणि ईसीजी नेमका तेव्हा स्वच्छ आला, तर 24 ते 48 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत चालणारा ईसीजी, गरज पडल्यास त्याहून लांब. घोरणाऱ्या जाड्या माणसाला झोपेची तपासणी, कारण श्वास अडकण्याचा त्रास उपचाराविना राहिला तर ठोक्यांवरचा उपचार पुनःपुन्हा निकामी ठरतो.

विषय असा काढला की दार उघडते: ‘या आजारात बऱ्याच पुरुषांना संबंधात अडचण येते, तुम्हाला येते का?’ नुसते ‘बाकी सगळे ठीक ना?’ विचारले की ‘ठीक’ असेच उत्तर येते.

आणि अपघात विभागात हा प्रश्न विनवणीच्या सुरात नाही, नायट्रेटचा फवारा हातात घेण्याआधी, पडदा ओढून आणि नातेवाइकांना बाहेर पाठवून, सरळ विचारायचा असतो: ताठरतेची गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली आहे का, कोणती, आणि किती वाजता?